मॅग्नेशियमची फीत आणि कोकरे मॅडम

आमच्या कॉलेजात शिकवणाऱ्यांचे दोन प्रकार होते. कायमचे आणि तासिका तत्त्वावरचे. कायमच्यांना खुर्ची, कपाट, हक्काची रजा आणि वाढदिवसाला गेटवर फ्लेक्स. तासिकावाल्यांनी तास घ्यायचा, सही करायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण या जगात नाही असं समजून घरी बसायचं. रसायनशास्त्राच्या कोकरे मॅडम बारा वर्षं अशा दर जूनमध्ये जन्मत होत्या आणि एप्रिलमध्ये संपत होत्या. विभागात एक कायमची जागा निघणार, हे त्या बारा वर्षं ऐकत आल्या होत्या. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना ती खरोखर निघाली. संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे आबासाहेब म्हणत, त्यांनी मॅडमना व्हरांड्यात गाठून सांगितलं, "कोकरे, औंदा तुमचंच बघायचं हाय. फक्त जरा गोड बोलत चला."

नेमकं तेवढंच मॅडमना जमत नव्हतं.

सांगलीच्या पूर्वेकडचं आमचं कॉलेज. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक त्याचाही फ्लेक्स लावतील. मी कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एसटीनं येत असे. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मॅडमही तिकडच्याच, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. बुटक्या, सावळ्या, केसांचा आवळून बांधलेला अंबाडा, ॲप्रनला ॲसिडनं पडलेली पिवळी भोकं. प्रयोगशाळेत येताना बांगड्या काढून डब्यात ठेवायच्या. ॲप्रनच्या खिशात वेल्डरच्या चष्म्यातली एक काळी काच असायची. शिकवताना त्या पुस्तकी मराठी बोलत. राग आला की घरची भाषा यायची. त्यामुळं आम्ही त्यांची घरची भाषाच जास्त ऐकली.

पहिल्या वर्षाच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर बोटभर लांबीची एक राखाडी फीत ठेवली.

"काय हाय हे?"

मागून एकजण म्हणाला, "शिसं, मॅडम."

"फुंकर मार."

त्यानं फुंकर मारली. फीत उडून पुढच्या मुलीच्या वेणीत अडकली.

"शिसं असतं तर उडालं असतं का? ॲल्युमिनियमपेक्षा हलका धातू हाय ह्यो. मॅग्नेशियम. उडत्या इमानाच्या भागात घालत्यात, तुमच्या बापाच्या खर्चानं घेतलेल्या मोबाइलात बी असंल. आता पॉलिश पेपरनं घासा."

घासल्यावर आतून चांदीसारखी चकाकी निघाली. मॅडम म्हणाल्या, "हवेनं वर पापुद्रा धरला होता, त्यो गेला. माणसाचं बी असंच असतं, असलं काय मी सांगणार न्हाई. मराठीचा तास वरच्या मजल्यावर हाय."

मग त्यांनी तीन सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरला आणि बर्नर पेटवला. "जळताना ह्याच्याकडं कुणी बघायचं न्हाई. डोळं दोनच हायती. फुकट मिळाल्यात म्हणून उधळू नका. समोरच्या भिंतीकडं बघा."

आम्ही भिंतीकडं बघितलं. खोली क्षणभर पांढरीफेक झाली. मग चिमट्याच्या टोकाला पांढरी राख उरली.

"काय बघितलं ते लिहा."

वह्या गोळा झाल्या. मॅडम एकेक वाचत गेल्या आणि एकेक टेबलावर आपटत गेल्या. "डोळे दिपवणारा शुभ्र प्रकाश. डोळे दिपवणारा शुभ्र प्रकाश. ह्यो बी शुभ्र, त्यो बी शुभ्र. चाळीस जणांनी एकच वाक्य लिवलंय. डोळं चाळीस जोड्या आनि बघितलं गाइडनं! आवं, तुमी भिंतीकडं बघत होता न्हवं? मग भिंत कुठं हाय ह्यात?"

पोपट नावाचा एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, पंखा बंद हुता, तरी भिंतीवर त्याची सावली पळाली."

"का पळाली?"

"तुमी चिमटा हलीवला म्हणून."

"ह्याला म्हणत्यात बघणं. बाकीच्यांनी घरी जाऊन गाइडला नमस्कार करा."

त्या शिकवत चांगलं, पण त्यांच्या तासाला बसणं सोपं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला मॅग्नेशियमचा इक्विव्हॅलंट वेट काढायचा प्रयोग असतो. फितीचं वजन करायचं, ती सौम्य ॲसिडमध्ये सोडायची, निघालेला हायड्रोजन नळीत मोजायचा आणि गणित मांडायचं. उत्तर बारा आणि थोडं वर येतं, हे कॉलेजातल्या शिपायालाही पाठ होतं. आमच्याकडची रीत अशी की आधी उत्तर लिहायचं, मग त्यावरून उलटं जाऊन हायड्रोजन किती निघाला ते ठरवायचं. वरच्या वर्गातून खाली जर्नलं येत, त्यात सगळं तयार असे. विभागप्रमुख जगदाळे सर स्वतः सांगत, "रीडिंग बसवून आणा." बसवून आणा! जसं काही ते कपड्याचं माप होतं.

मॅडमनी त्या दिवशी आम्हाला जुन्या बाटलीतली काळवंडलेली फीत दिली आणि पॉलिश पेपर कपाटात कुलपात ठेवला. तोंडानं काही बोलल्या नाहीत. आम्ही सगळ्यांनी बारा पूर्णांक पंधरा, बारा पूर्णांक सोळा अशी उत्तरं आणून ठेवली. मी पण. एकटी शीतल, जी सगळ्यात ढ म्हणून ओळखली जायची आणि जिला उलटं गणित जमत नव्हतं, तिचं उत्तर तेराच्या पुढं गेलं होतं. ती रडायच्या बेतात होती.

मॅडमनी तिची वही वर धरली. "फितीवर पापुद्रा हाय. वजनात त्यो मोजला, पण त्याच्यातनं हायड्रोजन निघत न्हाई. मग उत्तर वाढणारच. ह्या पोरीचं बरोबर आलंय. तुमचं मॅग्नेशियम पुस्तकातलं, हिचं बाटलीतलं." मग माझ्याकडं बघितलं. "तू हुशार हायस म्हणं? हुशारीनं खोटं बोललं की लवकर सापडतं."

ते वाक्य मी इतक्या वर्षांत विसरलेले नाही. तेव्हा मात्र मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

त्यांची सगळ्यात मोठी चेष्टा व्हायची ती वाळूवरून. प्रयोगशाळेच्या दाराशी आग विझवायच्या वाळूची बादली असते. आमच्या बादलीत शेंगांची टरफलं, गुटख्याच्या पुड्या आणि जगदाळे सरांच्या पानाची पिंक असे. मॅडम दर एप्रिलमध्ये, म्हणजे संपण्याच्या आठवडाभर आधी, ती वाळू गच्चीवर नेऊन साडीवर पसरत, चाळत, दोन दिवस उन्हात वाळवत आणि बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून झाकण लावत.

जगदाळे सर जिन्यातून ओरडत, "काय मॅडम, वाळले का सांडगे?"

"वाळले की. तळून पाठवते. पाणी लागलेली वाळू पेटलेल्या मॅग्नेशियमवर टाकली तर काय हुतं, ठावं हाय का सर तुमाला?"

"आम्हाला गरज काय? तुम्ही आहात ना."

"मी एप्रिलपतूरच हाय."

एकदा माझे वडील पैरणीच्या खिशात द्राक्षाची पिवळी पडलेली पानं घेऊन कॉलेजात आले. आमची अर्ध्या एकराची बाग. दुकानदारानं त्यांना तीन टॉनिकं देऊन झाली होती. ते दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. मॅडमनी स्वतःचं स्टूल त्यांना दिलं.

"आवं आबा, चपला घाला. हितं खाली काच असती." मग त्यांनी पानं उजेडात धरली. "शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. जुनी पानं आदी पिवळी पडली का?"

"व्हय. खालची आदी."

"मग त्यो टॉनिकवाला चोर हाय. झाडाच्या हिरव्या रंगात मॅग्नेशियम असतं, ते कमी पडलंय. ह्यो धातू न्हवं, त्याचं मीठ घालायचं. मॅग्नेशियम सल्फेट. आदी माती तपासून घ्या, मग फवारा. आनि त्या दुकानात परत पाय ठेवू नका."

वडील घरी जाऊन आईला म्हणाले, "पोरगी शिकती त्या खोलीत मी खुर्चीवर बसलो." ते स्टूल होतं. पण वडिलांना कुणी काही बोललं नाही. मॅडमचं कर्ज म्हणून मी हीच गोष्ट धरते.

तर जागा निघाली. मुलाखती मार्चच्या शेवटच्या गुरुवारी. त्याच्या आठवडाभर आधी कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन आलं. प्राचार्यांना वाटलं, समई तर कुणीही लावतं, आपण मॅग्नेशियम पेटवून उद्घाटन करू. ज्ञानाचा प्रकाश वगैरे. ड्रोननं शूटिंग.

मॅडम म्हणाल्या, "तीन सेंटिमीटर. चिमट्यात. मी धरीन. पाहुणे दहा फुटांवर उभे राहतील."

"तीन सेंटिमीटरमध्ये काय दिसणार मॅडम? पाहुणे पुण्याहून येतायत."

"मॅग्नेशियमला ते कळत नाही सर."

प्राचार्य हसले आणि उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी मॅडमना गेटवर बिल्ले वाटायला उभं केलं. जगदाळे सरांकडं कपाटाची दुसरी किल्ली होती. वर्षातून चार वेळा प्रयोगशाळेत येणारा हा माणूस त्या दिवशी सकाळी आठला आला. पितळी तबकात झेंडूची फुलं रचली, मध्ये फितीची अख्खी गुंडाळी ठेवली आणि जरा भारी दिसावं म्हणून वर दोन चमचे मॅग्नेशियमची भुकटी टाकली. त्या भुकटीची बाटली मॅडम आम्हाला हातसुद्धा लावू देत नसत. तबक धरायला नऊवारी नेसवून शीतलला उभं केलं. तिनं विचारलं, "सर, हे गरम हुईल का?" सर म्हणाले, "हस. कॅमेरा चालू आहे."

पाहुण्यांनी मेणबत्ती लावली. आधी काही पेटेना. लोक हसले. मग एकदम पेटलं. शीतलच्या हातातून तबक सुटलं आणि स्टेजवरच्या लाल गालिच्यावर पडलं. आपल्याकडं आग दिसली की माणूस पाणी शोधतो, आणि कलश शेजारीच पुजलेला होता. रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या आमच्या प्राचार्यांनी नारळ बाजूला केला आणि कलश त्या आगीवर ओतला.

स्फोटच झाला. पांढऱ्या ठिणग्या पहिल्या रांगेपर्यंत आल्या. शीतलच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत त्या बसल्या. पाहुणे खुर्चीमागं वाकले. प्राचार्य दुसरा तांब्या मागत होते.

मॅडम गेटवरून धावत आल्या त्या सरळ बादलीकडं. प्रदर्शनासाठी बादली लाल रंगवली होती आणि आत नदीची ताजी, स्वच्छ वाळू भरली होती, पाहुण्यांना बरी दिसावी म्हणून. मॅडमनी मूठ भरली. मुठीतून लाडू निघाला. "ओली!" त्यांनी बादली लाथेनं उलटी केली आणि शेजारच्या प्रयोगशाळेत पळाल्या. तेवढ्यात जगदाळे सर आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेऊन पुढं झाले.

"ठेवा त्यो खाली!" दारातून मॅडम ओरडल्या. काखेत बिस्किटांचा डबा होता. "त्यो वायू खाऊन बी जळतं ह्ये! किती वर्षं शिकिवताय?"

तीनशे लोकांसमोर.

त्यांनी कोरडी वाळू आगीवर फेकली नाही. कडेनं, हळूहळू, पीठ पेरावं तशी पसरत आत नेली. उजेड लहान होत गेला आणि वाळूखाली गेला. मग त्यांनी शीतलचा हात धरला, कोरड्या फडक्यानं एकेक कण झटकला आणि मगच तो नळाखाली धरला. मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्या तिला सारखं एकच म्हणत होत्या, "हात तुझा हाय, चूक तुझी न्हाई."

मोबाइल सगळ्यांनी धरले होते. एकाच्याही व्हिडिओत काही आलं नाही. पेटल्यावर पुढं नुसता पांढरा पडदा आणि आरडाओरडा.

प्राचार्यांना एवढं पुरलं. चौथ्या दिवशी अहवाल टाइप होऊन आला : तबक धरणाऱ्या विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा. खाली प्रयोगशाळा प्रमुख म्हणून कोकरे मॅडमची सही हवी होती. एरवी त्या कशाच्याच प्रमुख नव्हत्या. मी आणि हाताला पट्टी बांधलेली शीतल ऑफिसबाहेर बाकावर बसलो होतो. प्लायवूडचं दार, आतलं सगळं ऐकू येत होतं.

आबासाहेबांचा आवाज आला, "पोरीला काय फासावर देतोय व्हय? नुसतं प्रॅक्टिकल अडकंल. फुडल्या वर्षी बसंल."

"फुडल्या वर्षी तिचं लगीन लावतील. तिच्या घरी माणसं वाटच बघत्यात ती नापास व्हायची."

"ते आपल्या हातात हाय का? गुरुवारी मुलाखत हाय तुमची. समितीत मीच बसतोय. बारा वर्षं थांबलाय मॅडम, एका सहीसाठी घालवू नका."

शीतल माझ्याकडं बघत होती. तिचं वर्ष त्या दाराआड होतं आणि मॅडमची बारा वर्षंही.

"मला कागद द्या," मॅडम म्हणाल्या. "अहवाल मी लिहिते. मला लिहायची सवय आहे."

ऑफिसातल्या कुणीतरी फोटो काढला आणि तो अहवाल पुढं मोबाइलवरून सगळ्या तालुक्यात फिरला, म्हणून मला तोंडपाठ आहे. मॅडमनी तो जर्नलमध्ये प्रयोग लिहितात तसा लिहिला होता.

उद्देश : पाहुण्यांना चमक दाखवणे.
साहित्य : मॅग्नेशियमची अख्खी गुंडाळी, भुकटी दोन चमचे, पितळी तबक, झेंडू, कलशभर पाणी, विभागप्रमुख, प्राचार्य.
कृती : वरील सर्व साहित्य एकत्र आणले.
निरीक्षण : पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकल्यास हायड्रोजन निघतो व तोही पेटतो. हे अकरावीच्या पुस्तकात आहे.
अनुमान : विद्यार्थिनीचा या प्रयोगाशी तबक धरण्यापलीकडे संबंध नाही.

खाली सही, तारीख, वेळ.

तालुकाभर झाल्यावर शीतलचं प्रॅक्टिकल अडवायची कुणाची छाती झाली नाही. ती पास झाली. आता मिरजेत एका लॅबमध्ये रक्त तपासते, स्वतःची स्कूटर आहे. ती कायमची जागा जगदाळे सरांच्या भाचेजावयाला मिळाली. तो फार गोड बोलतो, असं ऐकते. पुढच्या जूनमध्ये कोकरे मॅडम जन्मल्या नाहीत.

मी कोल्हापूरला एमएस्सी केलं, सेट पास झाले आणि चार वर्षं स्वतः तासिका तत्त्वावर काढली. गेल्या जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कायमच्या जागेची मुलाखत होती. एक जागा, चौदा उमेदवार. व्हरांड्यातल्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. कानांजवळचे केस पांढरे, मांडीवर फाइल.

"कितवा नंबर?" त्यांनी विचारलं, जणू आम्ही कालच भेटलो होतो.

"सातवा."

"माझा सहावा."

मी म्हणाले, "मॅडम, मी परत जाते."

"का? म्हातारी झाले म्हणून दया करतीस माझ्यावर? बस खाली. ईथरमध्ये मॅग्नेशियम टाकल्यावर रिॲक्शन चालू होईना तर काय करायचं?"

"आयोडीनचा खडा टाकायचा."

"आनि भांडं?"

"अगदी कोरडं पाहिजे. पाण्याचा थेंबही नको."

"हां. एवढं आलं तर बास हाय. ह्यांना तेवढं बी येत नसंल."

त्या आत गेल्या आणि दहा मिनिटांत बाहेर आल्या. आतून हसण्याचा आवाज त्यांच्या मागोमाग बाहेर आला.

"काय विचारलं?"

"आदीचं कॉलेज का सोडलं म्हणून."

"मग?"

"सांगितलं."

"सगळं?"

"मग काय पाव किलो सांगायचं? आत त्या आबासाहेबाचा एक पाहुणा बसलाय. त्याला आदीच ठावं होतं." त्यांनी फाइलची दोरी बांधली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या अर्जावर कॉलेजचं नाव हाय. तुला माझं विचारतील. म्हणावं, होत्या कुणीतरी, मला त्यांचा तास नव्हता. एकदा खोटं बोललं म्हणून जीभ झडत न्हाई. तुझ्या बापाला एकदा खरी खुर्ची दिसू दे."

माझं नाव पुकारलं. मी आत जाऊन बसले. पाच माणसं, पाच पाण्याच्या बाटल्या. मधल्या गृहस्थांनी माझा अर्ज उलटला, शेजाऱ्याकडं बघून हसले आणि विचारलं, "कोकरे मॅडमच्या विद्यार्थिनी का तुम्ही?"

"हो," मी म्हणाले. "तिन्ही वर्षं. माझी सगळी प्रॅक्टिकलं त्यांनीच घेतली."

त्यांनी अर्ज मिटला. त्यांच्या मागच्या खिडकीतून गेटबाहेरचा रस्ता दिसत होता. मॅडम एसटी स्टँडच्या बाजूला जायला कडेला उभ्या होत्या. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून येत होता. त्यांनी त्याच्याकडं न बघताच एक हात वर केला. ट्रॅक्टर थांबला, गाणं चालूच राहिलं. फाइल काखेत धरून, घाई न करता, त्या रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या.